पदवीच्या वर्षांत संशोधनासाठी निधी मिळवताना

पदवीचे शिक्षण घेत असतानाच संशोधनाचा अनुभव मिळावा असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गफलत शब्दांपाशी होते. शिष्यवृत्ती, फेलोशिप आणि संशोधन अनुदान हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. परंतु प्रत्येकामागे निधी देणाऱ्याची अपेक्षा निराळी असते आणि अर्जही त्यानुसार निराळा लिहावा लागतो. शिष्यवृत्ती प्रामुख्याने शिक्षणाच्या खर्चासाठी असून ती गुणवत्ता किंवा आर्थिक गरज पाहून दिली जाते. फेलोशिप देणारी संस्था विद्यार्थ्याचा ठरावीक काळ, बहुधा सुट्टीतील आठ ते बारा आठवडे, संशोधनासाठी मोकळा करून घेते आणि त्या काळात त्याला खर्चाची चिंता राहू नये म्हणून विद्यावेतन देते. अनुदान मिळते ते प्रकल्पाला: रसायने, प्रवास, उपकरणांचा वापर यांसाठी मिळालेल्या पैशाचा पावत्यांसह हिशेब द्यावा लागतो आणि उरलेली रक्कम सहसा परत करावी लागते. योजनेच्या नावावरून मात्र काही ठरवू नये. निधी कशासाठी वापरता येईल आणि शेवटी काय सादर करावे लागेल, हे दोन परिच्छेद माहितीपत्रकात आधी वाचावेत. योजनेचा खरा प्रकार तेथेच कळतो.

शोधाची सुरुवात स्वतःच्या विभागापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. विभागाकडे किंवा महाविद्यालयाकडे असलेल्या छोट्या अनुदानांना अर्ज कमी येतात, परीक्षक विद्यार्थ्याला ओळखत असतात, आणि असे एखादे अनुदान मिळून काम पूर्ण झालेले असले की पुढच्या मोठ्या अर्जात दाखवण्यासारखे काहीतरी हाताशी असते. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामावून घेण्याची ही पद्धत काही नवी नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये यूआरओपी (अंडरग्रॅज्युएट रिसर्च ऑपॉर्च्युनिटीज प्रोग्रॅम) हा उपक्रम सुरू केला आणि पुढे अनेक विद्यापीठांनी त्या धर्तीवर आपापले उपक्रम उभारले. कॅल्टेक म्हणजे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९७९ पासून चालू असलेला सर्फ (समर अंडरग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप) हा उपक्रम तर शिकण्यासारखा आहे, कारण तेथे विद्यार्थ्याला मार्गदर्शक शोधणे, त्याच्याबरोबर प्रकल्प ठरवणे, प्रस्ताव लिहिणे, दहा आठवडे काम करणे आणि शेवटी निबंध व भाषण सादर करणे, असा संशोधकाचा संपूर्ण प्रवास एका उन्हाळ्यात करावा लागतो. कोणत्याही योजनेसाठी तयारी करताना हाच क्रम डोळ्यांसमोर ठेवावा.

पात्रतेच्या अटी वाचण्यात कंटाळा करू नये. जर्मनीतील डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची राइज ही योजना उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंड येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जर्मनीतील प्रयोगशाळांत पाठवते. तेथे मार्गदर्शन बहुधा पीएचडीचा विद्यार्थी करतो. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू (रिसर्च एक्स्पिरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स) योजनेतील विद्यावेतन त्या देशाच्या नागरिकांना आणि कायमस्वरूपी रहिवाशांनाच मिळते. कॅनडातील मायटॅक्स या संस्थेची ग्लोबलिंक योजना मात्र निवडक देशांतील विद्यार्थ्यांना बारा आठवड्यांसाठी बोलावते, आणि भारतातील तीन विज्ञान अकादम्या मिळून देत असलेली उन्हाळी फेलोशिप तेथील विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करू देते. काही ठिकाणी विद्यार्थ्याला स्वतःहून अर्ज करताच येत नाही. अमेरिकेतील गोल्डवॉटर शिष्यवृत्तीसाठी महाविद्यालयाने नामांकन करावे लागते. त्यामुळे महाविद्यालयाची अंतर्गत मुदत अधिकृत मुदतीच्या बरीच आधी संपते आणि संकेतस्थळावरची तारीख पाहून निर्धास्त राहिलेला विद्यार्थी हमखास मागे पडतो. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक अट तपासावी: काम संपवून परतल्यावर अर्जदार पदवीचाच विद्यार्थी असला पाहिजे, असा अनेक योजनांचा नियम असतो.

उन्हाळ्यातील कामाचे अर्ज बहुधा आदल्या हिवाळ्यातच, काही तर त्याआधीच बंद होतात. म्हणून अंतिम तारखेपासून उलटे मोजावे: शिफारसपत्रासाठी किमान चार आठवडे, मार्गदर्शकाशी पत्रव्यवहारासाठी तेवढेच, आणि प्रश्न नेमका करण्यासाठी त्याहूनही अधिक.

कारण अर्जाचा खरा कस लागतो तो प्रश्नातच. जे प्रस्ताव नाकारले जातात त्यांतील बहुतेकांचे विषय चांगले असतात. प्रश्न मात्र दहा आठवड्यांत मावत नाही. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. ‘जलप्रदूषणाचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘तलावातील फॉस्फेटचे प्रमाण’ म्हटल्याने विषय थोडा लहान होतो, पण परीक्षकाला अजूनही काय मोजले जाणार आणि त्यावरून काय कळणार हे समजत नाही. आता हे वाक्य पाहा: ‘तलावात येऊन मिळणाऱ्या ओढ्याच्या मुखापासून दूर जावे तसे पाण्यातील विरघळलेल्या फॉस्फेटचे प्रमाण कमी होत जाते का, हे सहा ठिकाणांहून आठ आठवडे, दर आठवड्याला एकदा नमुने घेऊन तपासले जाईल.’ या वाक्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि दोन्ही उत्तरे उपयोगाची आहेत. पहिला आठवडा पद्धत हातात बसवण्यासाठी आणि शेवटचा लेखनासाठी राखून ठेवला की दहा आठवड्यांचे वेळापत्रकही आपोआप तयार होते.

पुढचे सारे गणित याच वाक्यातून निघते. सहा ठिकाणे आणि आठ आठवडे म्हणजे ४८ नमुने. प्रत्येकाचे तीनदा मापन केले की १४४ मापने. येथपर्यंत बहुतेक विद्यार्थी पोहोचतात. पण मॉलिब्डेनम ब्लू पद्धतीने, म्हणजे फॉस्फेटमुळे द्रावणाला येणारा निळा रंग स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या उपकरणावर पाहून, फॉस्फेट मोजायचे तर मापनाच्या प्रत्येक दिवशी माहीत असलेल्या तीव्रतेची प्रमाण द्रावणेही मोजावी लागतात. पाच प्रमाण द्रावणे आणि एक कोरे (फॉस्फेट नसलेले) द्रावण, प्रत्येकी तीनदा, आठ दिवस, म्हणजे आणखी १४४ मापने. ज्याने पहिली निम्मीच मापने धरली त्याची रसायने चौथ्या-पाचव्या आठवड्यात संपणार, हे अनुभवी परीक्षकाला अंदाजपत्रकावर नजर टाकताच दिसते. शिवाय असे नमुने लगेच गाळून थंड जागी ठेवावे लागतात आणि दोन दिवसांच्या आत मोजावे लागतात. म्हणजे नमुने गोळा करण्याचा वार ठरवण्याआधी उपकरण कोणत्या वारी मोकळे असते हे विचारायला हवे. काचेची भांडी साध्या डिटर्जंटने धुतली तर डिटर्जंटमधीलच फॉस्फेट मापनात उतरण्याचा धोका असतो, म्हणून ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतली जातील, असे एक वाक्य प्रस्तावात असले, तर अर्जदाराने प्रयोगशाळेत कोणाला तरी विचारून लिहिले आहे हे लगेच कळते. गुणपत्रिकेतून न कळणारी ही गोष्ट असते, आणि मला प्रस्तावात तीच सर्वांत मोलाची वाटते.

अंदाजपत्रकात प्रत्येक रकमेपुढे एका वाक्यात कारण लिहावे आणि रक्कम विक्रेत्याच्या किंवा विभागाच्या दरपत्रकावरून घ्यावी. गोल आकडे संशय निर्माण करतात. मंजूर होण्याच्या आशेने खर्च कमी दाखवण्याचा मोहही टाळावा, कारण काम अर्ध्यावर थांबेल अशी शंका आली की परीक्षक अर्ज बाजूला ठेवतो. प्रस्तावात अडचणींसाठीही एक परिच्छेद असावा: एखाद्या आठवड्यात नमुने घेता आले नाहीत तर काय, उपकरण बंद पडले तर काय. अडचणीचा विचार केलेला विद्यार्थी घाबरट ठरत नाही. त्याच्या हाती पैसे सोपवणे सोपे वाटते. प्रश्नावली, मुलाखती किंवा माणसांवरील कोणतेही निरीक्षण करायचे असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. तिला काही आठवडे जातात, आणि दहा आठवड्यांच्या कामात एवढा वेळ घालवता येत नाही. म्हणून तो अर्ज निधीच्या अर्जाबरोबरच करावा. साहित्य, इतिहास किंवा भाषा या विषयांच्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू पडते: कोणत्या संग्रहालयातील कोणती कागदपत्रे पाहायची, ती पाहण्याची परवानगी मिळाली आहे का, आणि दिवसाला साधारण किती पाने वाचून होतील, हे लिहिले की प्रस्तावाला वजन येते.

मार्गदर्शकाला पहिले पत्र लिहिताना बरेच विद्यार्थी एकच मजकूर वीस जणांना पाठवतात. ‘मला संशोधनात अतिशय रुची असून आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी’ हे वाक्य कोणालाही पाठवता येते, आणि म्हणूनच त्याला उत्तर येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आदरणीय मॅडम, तळ्याच्या गाळातून फॉस्फेट पुन्हा पाण्यात मिसळते, असे आपल्या निबंधात वाचले. काठाजवळच्या उथळ भागात हे खोल भागापेक्षा अधिक प्रमाणात होते का, हे तपासण्याची माझी इच्छा आहे. मी दुसऱ्या वर्षाला आहे, एक सत्र स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम केले आहे आणि उन्हाळ्यातील दहा आठवडे पूर्ण वेळ देऊ शकते. याबाबत आपल्याशी पंधरा मिनिटे बोलता येईल का?’ एवढे पुरे. पत्रासोबत एका पानाचा परिचय जोडावा, दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्र आठवण करावी, आणि त्यानंतर दुसरे नाव शोधावे.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदावरची व्यक्ती गाठण्यापेक्षा ज्यांनी आपले काम जवळून पाहिले आहे अशा शिक्षकांना विचारावे. विभागप्रमुखांनी लिहिलेल्या ‘हा विद्यार्थी हुशार आणि नियमित आहे’ या ओळीपेक्षा, प्रयोगाचे उत्तर चुकल्यावर विद्यार्थी संध्याकाळी थांबून द्रावण पुन्हा कसे तयार करत होता हे सांगणारा प्रयोगशाळेतील शिक्षकांचा परिच्छेद कितीतरी अधिक बोलतो. शिक्षकांना विनंती करताना प्रस्तावाचा मसुदा, योजनेचे निकष, अंतिम तारीख आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाची थोडक्यात आठवण, हे सारे एकाच पत्रात द्यावे. त्यांना शोधाशोध करायला लावू नये.

स्वतःविषयीच्या निवेदनात लहानपणापासूनच्या आवडीचा उल्लेख गाळला तरी चालतो. कोणते काम केले, त्यात काय चुकले आणि त्यानंतर काय वेगळे केले, हे सांगितले की पुरते. निवेदन स्वतःच्याच शब्दांत असावे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीसारख्या ठिकाणी तर निवेदन दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय लिहिल्याची हमी अर्जदाराला द्यावी लागते, त्यामुळे शिक्षकांकडून किती मदत घेता येईल हे प्रत्येक योजनेच्या नियमांत आधीच पाहावे.

पैशाविषयी विचारण्यात संकोच बाळगू नये. विद्यावेतन कामाच्या सुरुवातीला मिळते की शेवटी, प्रवासखर्च आगाऊ मिळतो की आधी स्वतः करून नंतर भरून मिळतो, निवासाची सोय आहे का, आणि या रकमेमुळे आधीची शिष्यवृत्ती कमी होते का, हे चार प्रश्न स्वीकारपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावेत. ज्या विद्यार्थ्याच्या घरी हाताशी पैसे नसतात त्याच्यासाठी नंतर भरून मिळणारा खर्च म्हणजे दार बंद असल्यासारखेच असते. संस्थेला हे मोकळेपणाने कळवले तर पुष्कळदा आगाऊ रक्कम मिळते. निवड झाल्याचे सांगून ‘प्रक्रिया शुल्क’ मागणाऱ्या किंवा बँकेचा पासवर्ड विचारणाऱ्या पत्राला मात्र उत्तरच देऊ नये.

नकार आला तर परीक्षकांचे अभिप्राय मिळतील का, हे विचारावे. मिळाले तर ते मार्गदर्शकासोबत बसून वाचावेत आणि तोच प्रस्ताव सुधारून पुढच्या फेरीत पाठवावा. पहिल्या वेळी नाकारलेला प्रस्ताव दुसऱ्या वेळी स्वीकारला जाणे ही संशोधनातील नित्याची गोष्ट आहे. आणि दोन ठिकाणांहून होकार आला, तर मुदतीच्या आत एकाची निवड करून दुसऱ्या संस्थेला त्याच दिवशी कळवावे, कारण तेथील प्रतीक्षायादीत पहिल्या क्रमांकावर असलेला दुसरा कोणी विद्यार्थी आपला उन्हाळा कसा जाणार हे कळण्याची वाट पाहत असतो.