लघवीवरची प्रेग्नन्सी टेस्ट: करताना आणि वाचताना या चुका टाळा

लघवीवर करायची प्रेग्नन्सी टेस्ट एकाच प्रश्नाचे उत्तर देते: या नमुन्यात एचसीजी हे संप्रेरक पट्टीला ओळखता येईल इतक्या प्रमाणात आहे की नाही. दिवस किती गेले, गर्भ कुठे रुजला आहे, त्याची वाढ नीट होते आहे का, हे तिला कळत नाही. घरी होणाऱ्या बहुतेक चुका दोनच प्रकारच्या असतात. एक तर टेस्ट फार लवकर केली जाते, नाही तर तिने न सांगितलेले काहीतरी तिच्या रेघांमध्ये वाचले जाते.

घाई

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती समजण्यासारखीही आहे, कारण वाट पाहणे फार जड जाते. पण एचसीजी संबंधानंतर लगेच तयार होत नाही. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागले, की पुढे ज्यांपासून वार बनते त्या पेशी एचसीजी तयार करू लागतात, आणि हे रुजणे स्त्रीबीज सुटल्यानंतर साधारण ६ ते १२ दिवसांत होते. त्याआधी लघवीत पट्टीला सापडण्यासारखे काही नसते. त्यामुळे संबंधानंतर चार-पाच दिवसांत आलेल्या ‘निगेटिव्ह’ला काहीच अर्थ नसतो.

रुजल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एचसीजीचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होते. घरी वापरायच्या बऱ्याच पट्ट्या दर मिलिलीटरला २५ मिलियुनिटच्या आसपास एचसीजी असल्यावरच रेघ दाखवतात. समजा, आज लघवीत हे प्रमाण ८ आहे, तर ते दोनदा दुप्पट होऊन ३२ झाल्यावरच पट्टीवर उमटेल, म्हणजे मध्ये चार ते सहा दिवस जातील. आज निगेटिव्ह आणि आठवड्याने पॉझिटिव्ह असे झाले, तर पट्टी खोटे बोलली असे म्हणता येत नाही. दोन कंपन्यांच्या पट्ट्यांनी एकाच सकाळी वेगवेगळे निकाल दिले, तरी त्याचे कारण बहुधा त्यांच्या संवेदनक्षमतेतला फरकच असतो.

म्हणून पाळीची अपेक्षित तारीख उलटल्यावर टेस्ट करावी, आणि शक्य असेल तर आणखी काही दिवस थांबावे. ज्यांची पाळी अनियमित असते, ज्या अंगावर पाजत असतात किंवा ज्यांनी संबंधानंतरची तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतलेली असते, त्यांना अपेक्षित तारीखच सांगता येत नाही. त्यांनी गर्भनिरोधकाशिवाय आलेल्या शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजून टेस्ट करणे अधिक खात्रीचे.

नमुना आणि पट्टी

रात्रभर साठलेली सकाळची पहिली लघवी दाट असते, आणि सुरुवातीच्या दिवसांत तीच वापरावी. लवकर लघवीला यावे म्हणून दोन-तीन ग्लास पाणी पिऊन टेस्ट करणे हा निकाल बिघडवण्याचा सोपा मार्ग आहे, कारण आधीच थोडे असलेले एचसीजी त्यामुळे आणखी विरळ होते. पाळी चुकून बरेच दिवस झाले असतील, तर दिवसातली कुठलीही वेळ सहसा चालते. नमुना घ्यायचे भांडे स्वच्छ व कोरडे असावे, त्यात साबणाचा अंश नसावा, आणि लघवी ताजी असावी.

पट्टीचे फॉइलचे पाकीट टेस्ट करायच्या वेळीच फोडावे, आधी फोडून ठेवलेली पट्टी हवेतला ओलावा शोषून घेते. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. पट्टी बुडवायची असेल, तर तिच्यावर छापलेल्या मर्यादेच्या खुणेपलीकडे लघवी जाऊ देऊ नये. ड्रॉपरने थेंब टाकायचे असतील, तर पत्रकात सांगितले असतील तेवढेच टाकावेत. जास्त लघवी पडली की ती पट्टीवरून नीट सरकत न जाता पसरते आणि रेघाच उमटत नाहीत.

रेघा कशा उमटतात

पट्टीच्या सुरुवातीच्या भागात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेल्या अँटीबॉडी (ठरावीक पदार्थालाच पकडणारी प्रथिने) वाळवून ठेवलेल्या असतात. हे कण इतके बारीक असतात, की ते पिवळे न दिसता लालसर गुलाबी दिसतात. लघवी त्यांना सोबत घेऊन पुढे सरकते आणि वाटेत एचसीजी भेटले तर त्या त्याला पकडतात. पट्टीवरच्या टी (टेस्ट, म्हणजे निकालाची रेघ) या खुणेच्या जागी पक्क्या बसवलेल्या दुसऱ्या अँटीबॉडी त्याच एचसीजीला दुसऱ्या बाजूने धरतात, कण तिथे साठतात आणि रेघ दिसते. सी (कंट्रोल, म्हणजे पट्टी चालते का ते दाखवणारी रेघ) या खुणेच्या जागी मात्र एचसीजी नसले तरी कण अडकतात.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सीची रेघ म्हणजे द्रव शेवटपर्यंत पोहोचला आणि पट्टी काम करते आहे, एवढेच. साधे पाणी टाकले तरी ती उमटू शकते, तेव्हा ती आली म्हणजे नमुना पुरेसा दाट होता असे होत नाही. पण ती आली नाही, तर टीची रेघ कितीही ठळक असली तरी तो निकाल बाद धरून नवी पट्टी वापरावी.

पुसट रेघ

पत्रकात दिलेल्या वेळेत, जी बहुधा ३ ते ५ मिनिटे असते, टीच्या जागी गुलाबी छटा असलेली, सीइतकीच रुंद आणि वरपासून खालपर्यंत सलग रेघ आली, तर ती पुसट असली तरी पॉझिटिव्हच मानावी. निगेटिव्ह म्हणून टाकून दिलेली पट्टी तासाभराने पुन्हा पाहिली आणि तिथे बारीक, राखाडी, रंगहीन रेष दिसली, तर ती बहुधा लघवी वाळल्याची खूण असते. घड्याळ लावून वाचणे आणि दहा मिनिटांनंतर पट्टीकडे न पाहणे, यानेच पुष्कळ मनस्ताप टळतो. शंका राहिली, तर दोन-तीन दिवसांनी सकाळच्या लघवीवर पुन्हा टेस्ट करावी.

रोज एक पट्टी लावून रेघ गडद होते आहे का ते पाहत बसू नये. लघवीचा दाटपणा रोज बदलतो आणि त्यासोबत रेघेचा रंगही बदलतो. एचसीजी वाढते आहे का हे ४८ तासांच्या अंतराने केलेल्या रक्ताच्या दोन तपासण्यांवरूनच ठरते.

इथेच आणखी एक घोटाळा होतो. स्त्रीबीज सुटण्याची वेळ ओळखण्याची एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची पट्टी दिसायला अगदी अशीच असते, पण तिचा नियम उलटा आहे. तिच्यावर पुसट रेघ म्हणजे निगेटिव्ह, आणि शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद रेघ म्हणजे पॉझिटिव्ह. पाकिटावरचे नाव वाचूनच पट्टी घ्यावी.

पॉझिटिव्ह आल्यावर

वंध्यत्वाच्या उपचारात दिलेले एचसीजीचे इंजेक्शन दहा ते चौदा दिवसांपर्यंत खोटे पॉझिटिव्ह दाखवू शकते. गर्भपात किंवा बाळंतपण झाल्यावरही एचसीजी काही आठवडे शरीरात राहते, म्हणून तेव्हाची दुसरी रेघ म्हणजे पुन्हा दिवस गेले असे नव्हे. द्राक्षगर्भात (वारेच्या पेशींची द्राक्षांच्या घडासारखी असामान्य वाढ) आणि क्वचित काही गाठींमध्येही एचसीजी तयार होते. तापाची किंवा वेदनाशामक साधी औषधे, प्रतिजैविके आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी मात्र निकाल बदलत नाही.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे दोन रेघा पाहून सारे ठीक आहे असे समजणे. गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत, रुजला असेल तरीही टेस्ट पॉझिटिव्ह येते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र दुखत असेल, अंगावरून रक्त जात असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर दुसरी पट्टी लावण्यात वेळ न घालवता तातडीने रुग्णालयात जावे. गर्भ कुठे आहे ते सोनोग्राफीतच दिसते, त्यामुळे त्रास नसला तरी डॉक्टरांची भेट लांबवू नये.

निगेटिव्ह, तरी पाळी नाही

आठवड्याने पुन्हा टेस्ट करावी, आणि तरीही निगेटिव्ह आली व पाळी सुरू झाली नाही तर डॉक्टरांकडे जावे, कारण ताणापासून थायरॉइडच्या विकारापर्यंत पाळी लांबण्याची कारणे पुष्कळ आहेत. क्वचित, पुढच्या आठवड्यांत एचसीजी फारच वाढलेले असताना, पट्टीवरच्या दोन्ही प्रकारच्या अँटीबॉडी वेगवेगळ्या भरून जातात, त्यांची जोडी जमत नाही आणि दिवस असूनही निकाल निगेटिव्ह येतो. मळमळ, स्तनांतला जडपणा, वाढणारे पोट अशी लक्षणे असतील, तर केवळ पट्टीवर विसंबू नये. शंका पूर्ण फिटेपर्यंत कुठलेही नवे औषध घेण्यापूर्वी आणि एक्स-रे काढण्यापूर्वी, पाळी चुकल्याचे डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञाला स्वतःहून सांगावे.