असामान्य टी-पेशी फ्लो सायटोमेट्रीने कशा ओळखाव्यात

फ्लो सायटोमेट्रीत पेशींना चमकत्या अँटिबॉडी लावून एकेक पेशी लेझरसमोरून नेतात आणि तिच्यावरील खुणा वाचतात. बी-पेशींच्या कर्करोगात कॅपा आणि लॅम्डा (बी-पेशीवरील अँटिबॉडीच्या हलक्या साखळीचे दोन प्रकार) पाहिले की एकाच वंशातून वाढलेल्या पेशी बहुधा लगेच उघड होतात. टी-पेशींना अशी सोपी कसोटी फार काळ नव्हती. म्हणून रुग्णाच्याच निरोगी टी-पेशी शेजारी ठेवून, संशयित समूह त्यांच्यापासून कोठे आणि किती वेगळा पडतो, हे पाहण्याची सवय प्रथम लावून घ्यावी.

उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि खंडवा, खरगोनहून नमुने प्रवास करून येतात, तेव्हा ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत रक्त केव्हा घेतले, हे आधी विचारावे. मेलेल्या पेशींना अँटिबॉडी कशाही चिकटतात आणि नसलेला समूह दिसू लागतो.

‘सीडी’ म्हणजे पेशीवरील क्रमांक दिलेल्या खुणा. जोडपेशी (चिकटल्यामुळे एकच म्हणून मोजल्या गेलेल्या पेशी) वगळल्यावर सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) आणि साइड स्कॅटरवर (पेशीतील कणिकांमुळे बाजूला विखुरणाऱ्या प्रकाशावर) लिम्फोसाइट निवडावेत, पण केवळ सीडी३वर (टी-पेशींच्या मुख्य खुणेवर) गेट, म्हणजे निवडीची चौकट, लावून पुढे जाऊ नये. अँजिओइम्युनोब्लास्टिक लिम्फोमात (टी-पेशींच्या एका कर्करोगात) पृष्ठभागावरील सीडी३ बऱ्याचदा फिके किंवा नाहीसे झालेले असते. सीडी४ आणि सीडी१० असलेला तो छोटा समूह अशा गेटबाहेरच राहतो. सीडी२, सीडी५ आणि सीडी७ प्रत्येकी सीडी३समोर मांडावेत आणि सीडी४–सीडी८ शेवटी पाहावेत. सेझारी सिंड्रोममध्ये (त्वचा आणि रक्तातील टी-पेशींच्या कर्करोगात) सीडी४ पेशींवरून सीडी७ व सीडी२६ सहसा गळतात. मोठ्या कणिकामय लिम्फोसाइटांच्या ल्युकेमियात बहुतेकदा सीडी८, सीडी५७ आणि फिके सीडी५ आढळते.

एकट्या सीडी७च्या अभावावर मात्र निदान कधीही करू नये. ताप आणि मानेत गाठी असलेल्या एका तरुणाच्या नमुन्यात सीडी८ पेशी भरमसाट होत्या, सीडी७ फिके होते, आणि मलाही क्षणभर शंका आली. टी-पेशीच्या ग्राहीतील बीटा साखळीचे दोन प्रकार असतात आणि एक पेशी त्यांपैकी एकच वापरते; टीआरबीसी१ ही अँटिबॉडी त्यांतला पहिला ओळखते. ती लावल्यावर त्याच पेशी धन (खूण असलेल्या) आणि ऋण (खूण नसलेल्या) अशा दोन्ही बाजूंना विभागल्या: अनेक वंशांच्या, विषाणूशी लढणाऱ्या पेशी होत्या त्या. समूहातील ८५ टक्क्यांहून अधिक किंवा १५ टक्क्यांहून कमी पेशी धन असतील, तर एकवंशीयतेचा संशय बळावतो. गॅमा-डेल्टा पेशी (ग्राहीत बीटा साखळी नसलेल्या टी-पेशी) या कसोटीत स्वभावतःच ऋण दिसतात, म्हणून त्या आधी वेगळ्या काढाव्यात.

अहवालात नुसते ‘असामान्य’ लिहू नये. समूहाचे लिम्फोसाइटांमधील प्रमाण, दर मायक्रोलिटर संख्या आणि प्रत्येक खूण निरोगी टी-पेशींच्या तुलनेत तेजस्वी आहे, फिकी आहे की नाहीच, हे नोंदवावे. उपचारानंतर उरलेल्या पेशी शोधणाऱ्याला हीच नोंद लागते.