कॅम्पसवर काम घेताना या चुका टाळा: ठाणे-नवी मुंबईच्या कंत्राटदारांसाठी

विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं आवार कधीच पूर्ण रिकामं नसतं. सुट्टीतही वसतिगृहात मुलं असतात, प्रयोगशाळेत कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि सकाळी फिरायला येणारे आजोबाही असतात. नवख्या कंत्राटदाराची फसगत इथेच होते. त्याला सोसायटीच्या दुरुस्तीचा नाहीतर बिल्डरच्या मोकळ्या साइटचा सराव असतो आणि तो त्याच हिशेबाने माणसं आणि मशिनरी आणतो. पहिल्या दोन दिवसांतच काम थांबतं आणि खापर मात्र इस्टेट विभागाच्या, म्हणजे आवार आणि इमारती सांभाळणाऱ्या विभागाच्या, 'किचकटपणा'वर फुटतं. किचकटपणा असतो, नाही असं नाही. पण थांबलेली बहुतेक कामं मोजक्याच चुकांमुळे थांबतात.

गेटवर अडकलेलं सामान

कामगारांची यादी आधार कार्डाच्या प्रतींसह किमान तीन दिवस आधी द्या आणि यादीत गरजेपेक्षा चार-पाच नावं जास्त ठेवा. गावाकडून फोन आला की बिगारी त्याच रात्री निघून जातो आणि सकाळी बदली माणूस गेटवर ताटकळत बसतो. दुसरी चूक हत्यारांची. ड्रिल, कटर, वेल्डिंग सेट आत नेताना आवक रजिस्टरमध्ये मेक आणि नंबरासह नोंद केली नसेल, तर बाहेर नेताना वॉचमनच्या लेखी ती वस्तू संस्थेची असते. मग सही करणारे साहेब शोधत संध्याकाळ जाते.

दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असतील तर कामगार कायद्याखालची नोंदणी लागते आणि बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर भरावा लागतो. संस्था तो बहुतेक वेळा बिलातूनच कापते. दर भरताना हा 1 टक्का धरला नाही, तर तो तुमच्या नफ्यातून गेला असं समजा. पीएफ आणि ईएसआयसीची चलनं बिलाच्या वेळी गोळा करत बसण्यापेक्षा दर महिन्याला फाइलला लावत जा.

आवाज आणि परीक्षा

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार शिक्षणसंस्थांभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथली मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल. काँक्रीट ब्रेकर जवळून 100 डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे वर्ग चालू असताना ब्रेकर लावायचा विषयच नाही. तोडफोडीचं काम सकाळच्या लवकरच्या तासांत, रविवारी किंवा सत्र संपल्यावर ठेवावं लागतं. म्हणून कामाचा बार चार्ट (कोणतं काम कधी, याचा तक्ता) करण्याआधी परीक्षेचं वेळापत्रक मागून घ्या. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षांच्या तारखाही घ्या, कारण नेमक्या त्याच सुटतात. थिनर आणि ऑइल पेंटच्या वासाची तक्रारही आवाजाइतकीच लवकर येते. आतल्या खोल्यांना पाण्यात मिसळणारा रंग लावला, तर अर्धा वाद तिथेच मिटतो.

खोदकाम: सगळ्यात महाग चूक

जुन्या कॅम्पसचे नकाशे आणि जमिनीखालचं वास्तव यांचा फारसा संबंध नसतो. मधल्या काळात कुणी वसतिगृहाला केबल ओढलेली असते, कुणी बागेसाठी पाण्याची लाइन फिरवलेली असते, तर कुणी इंटरनेटची फायबर अर्ध्या फुटावर पुरलेली असते. जेसीबीचा बकेट थेट लावला की यातलं काहीतरी तुटतंच.

क्रम असा ठेवा. आधी इस्टेट, विद्युत आणि आयटी या तिन्ही विभागांच्या माणसांना जागेवर उभं करून चुन्याने आखणी करून घ्या. वीज बाहेरून येत असेल तिथे महावितरणला आणि गॅसची लाइन असेल तिथे महानगर गॅसला कळवा. मग आखणीवर दर काही मीटरला आणि प्रत्येक वळणावर हाताने चाचणी खड्डा घ्या. कमी दाबाची विजेची केबल साधारण पाऊण मीटरवर आणि 11 केव्हीची (उच्च दाबाची) 90 सेंटिमीटरवर असायला हवी, पण बागेत वर माती ओढली किंवा काढली गेली असेल तर या आकड्यांवर विसंबू नका. विटांची किंवा टाइलची ओळ अथवा छापील पट्टी दिसली की कुदळ खाली ठेवायची, त्याखाली लाइन आहे. तिथून पुढे फक्त फावडं. पहारही नको.

चर दीड मीटरहून खोल गेला की बाजूंना उतार द्या किंवा फळ्या लावून आधार द्या. काढलेली माती कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी दूर टाका. ती कडेलाच रचली की तिच्याच वजनाने बाजू आत येते. पारसिकच्या डोंगराकडचा मुरूम काही काळ उभा राहतो. खाडीकडच्या भरणीच्या जमिनीचं तसं नसतं. वर भराव, खाली चिकट मातीचा गाळ, आणि भरतीच्या वेळी चरात पाणी चढतं. अशा ठिकाणी सकाळी ठीक दिसलेली बाजू दुपारी बसते. पंपाने उपसलेलं गढूळ पाणी थेट पर्जन्य गटारात सोडू नका, आधी दोन-तीन पिंपांतून निवळून घ्या. गटार गाळाने भरलं तर जुलैमध्ये ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरेल आणि नाव तुमचंच निघेल.

भरणी करताना घाई नडते. पंधरा ते वीस सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर बेताचं पाणी आणि माती दाबणारा कॉम्पॅक्टर. एका दमात ट्रॉली ओतून वर पेव्हर ब्लॉक बसवले, तर पहिल्याच पावसात तिथे लांबट खळगा पडतो. त्यातलं साचलेलं पाणी वसतिगृहाच्या वाटेवर वर्षभर तुमची आठवण करून देतं. पेव्हरखालची वाळू तीन ते पाच सेंटिमीटरच ठेवा. जाड थर टाकून उंची भरून काढायची पद्धत सगळीकडे दिसते, आणि ब्लॉक हलण्याचं पहिलं कारणही तीच असते.

झाडाची मुळं

फांदी तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. राज्याचा नागरी वृक्षसंरक्षण कायदा 1975 चा आहे. मुळांचं मात्र कुणी बोलत नाही. झाड उभं दिसतं आणि चर बुंध्याजवळून जातो. जून-जुलैत वाऱ्याचा जोर आला की तोच गुलमोहर किंवा रेन ट्री पार्किंगवर आडवा होतो.

सोपा हिशेब म्हणजे छातीच्या उंचीवर बुंध्याचा जो व्यास असेल त्याच्या बारा पट अंतर मोकळं ठेवा. 30 सेंटिमीटर व्यास असेल तर 3.6 मीटर. एवढी जागा मिळत नसेल तर त्या भागात हाताने खणा आणि पाइप मुळांखालून सरकवून न्या. अंगठ्याहून जाड मूळ कापणं अटळ असेल तर उद्यान विभागाला दाखवूनच कापा, तेही करवतीने. बकेटने ओढलेलं मूळ आतपर्यंत फाटतं आणि तिथून सड लागते. खडी, सिमेंटच्या गोण्या, वाळूचा ढीग आणि मिक्सर धुतलेलं पाणी यांतलं काहीही झाडाखाली नको. सावलीमुळे कामगारांना ती जागा आवडते, म्हणून सामान टाकण्याची जागा आधीच वेगळी आखून द्या.

आग, वीज, उंची

वेल्डिंग आणि ग्राइंडिंगसाठी त्या दिवसाचं, त्या जागेचं वेगळं परमिट घ्या. कालचं आज चालत नाही. ठिणग्या पडतील त्या परिसरातून कागद, पडदे, थिनर हलवा, जवळ अग्निशामक ठेवा आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास एक माणूस तिथेच बसवा. खोटा अलार्म नको म्हणून स्मोक डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि ती तशीच विसरतात. झाकायचे डिटेक्टर अग्निसुरक्षा बघणाऱ्यांकडूनच झाकून घ्या, परमिटवर त्यांची संख्या लिहा आणि संध्याकाळी तितकेच उघडले का ते मोजा.

विजेसाठी वर्गातल्या सॉकेटमध्ये उघड्या वायरी खुपसण्याची सवय अजून गेलेली नाही. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) स्वतःचा छोटा डीबी, म्हणजे वीज वाटणारा बोर्ड, आणा. दर सकाळी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघायला दहा सेकंद लागतात.

जुन्या कार्यशाळा आणि सायकल स्टँडवर सिमेंटचे पत्रे असतात. पावसाळ्यात गळती काढायला माणूस थेट पत्र्यावर चढतो, पत्रा तुटतो आणि माणूस खाली येतो. आधी आडव्या फळ्या, मग सेफ्टी बेल्ट, आणि बेल्टची दोरी पत्र्याच्या बोल्टला नव्हे तर वेगळ्या मजबूत आधाराला. या जुन्या पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस असतं. ते कोरडे कापू नका. ओले करून अखंड उतरवा.

सेप्टिक टँक, मॅनहोल, जमिनीखालची पाण्याची टाकी यांबाबत 'दोन मिनिटांचं काम' हा शब्दच काढून टाका. मैला साफ करायला माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पाण्याच्या टाकीत दुरुस्तीसाठी उतरायचंच असेल तर आधी हवा खेळवा, मीटरने ऑक्सिजन 19.5 टक्क्यांहून जास्त आहे याची खात्री करा आणि वर एक माणूस सतत ठेवा. आतला माणूस बेशुद्ध पडला तर वरच्याने नुसतं धावत खाली जायचं नाही, हे त्याला आधी सांगा.

क्युरिंगचं पाणी, राडारोडा, गवत

काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून स्लॅबवर घातलेलं पाणी आणि उघडी पिंपं डासांचं घर होतात. अळीपासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून कोरडं करा. पावसाळ्यात महापालिकेचे लोक अळ्या शोधत येतात आणि नोटीस आधी संस्थेला जाते.

राडारोडा रोज उचला आणि महापालिकेने ठरवलेल्या जागी टाकल्याची पावती जपून ठेवा. कमी भाड्यात 'बघून घेतो' म्हणणारा डंपरवाला तो कुठे टाकतो हे विचारा. खाडीकाठच्या कांदळवनात गेला तर प्रकरण तुमच्यापर्यंत येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. घोडबंदर रोडवर अवजड गाड्यांच्या वेळा बदलत असतात, डंपर बोलावण्याआधी वाहतूक शाखेची ताजी सूचना बघा.

गवत कापताना ब्रश कटरच्या पात्याखालून खडा गोळीसारखा उडतो. पंधरा मीटरच्या आत कुणी नको आणि शेजारी पार्किंग असेल तर पात्याऐवजी नायलॉन दोरी लावा. वर्ग सुटायच्या वेळी यंत्र बंद.

बिल

झाकलं जाणारं काम मोजमाप पुस्तकात सही होण्याआधी झाकू नका. चरातला पाइप, पायातला सळ्यांचा सांगाडा, वॉटरप्रूफिंगचा थर, प्रत्येकाचा फोटो टेप लावून आणि मागे इमारतीचा ओळखू येईल असा कोपरा धरून काढा. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुठल्याही खड्ड्याचा असू शकतो, आणि लेखापरीक्षक नेमकं तेच म्हणतो. वाढीव काम तोंडी सांगितलं गेलं असेल तर त्याच दिवशी मेल करून लेखी होकार घ्या, कारण सत्र बदललं की साहेबही बदललेले असू शकतात.