पुस्तकाची बांधणी: छपाईला जाण्याआधी या चुका टाळा

"पानं लावून झाली, आता बांधणीचं बघू." हे कानावर आलं की मी आधी आतला समास, म्हणजे कण्याकडची कोरी जागा, मोजतो. बहुतेकदा तो जेमतेम १० मिलिमीटर असतो आणि पुस्तक जाडजूड, परफेक्ट बाइंडिंगचं. कण्याला नुसता गोंद लावलेलं असं पुस्तक सपाट उघडत नाही. डाव्या पानावर ओळींचा शेवट आणि उजव्या पानावर सुरुवात कण्यात बुडते. मग वाचक पुस्तक ताणतो आणि पानं सुटी होतात. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत चेहरा बरोबर मधोमध येत असेल, तर फोटो सरकवा, नाहीतर फर्मे (बरीच पृष्ठं एकत्र छापून घडी घातलेले ताव) शिवून घ्या.

सेंटर पिनला, म्हणजे घडीवर मधोमध पिना मारलेल्या बांधणीला, पृष्ठसंख्या चारच्या पटीत लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. आतली पानं बाहेर सरकतात, हे मात्र विसरलं जातं. ०.१ मिलिमीटर जाडीच्या कागदाची ६४ पृष्ठांची पुस्तिका म्हणजे मधोमध दुमडून एकात एक बसवलेले १६ ताव. सगळ्यात आतला सुमारे दीड मिलिमीटर बाहेर येतो आणि कटिंगला तेवढाच कापला जातो. कडेला चिकटवलेले पृष्ठांक तिथेच जातात.

आता कागदाचा ग्रेन. कागदातले तंतू ज्या दिशेने असतात ती दिशा कण्याला समांतर हवी. आडवी आली तर पुस्तक पुठ्ठ्यासारखं ताठ उघडतं, आणि गोंदातला ओलावा लागला की कण्याजवळ लाटा उठतात. तपासायला यंत्र लागत नाही. कागदाचा चौकोनी तुकडा घ्या आणि एका बाजूने ओला करा. त्याची जी नळी वळते, तिच्या लांबीची दिशा हाच ग्रेन. कागदाची बचत म्हणून फर्मा आडवा बसवला जातो तेव्हा हा घोळ होतो, त्यामुळे कागद घेण्याआधीच विचारा.

कण्याची जाडी जीएसएमवरून (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) काढू नका. एकाच जीएसएमचे दोन कागद जाडीला वेगळे असतात. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं: ०.१ मिलिमीटरचा कागद असेल तर कणा १२ मिलिमीटर, फुगीर ०.१३ चा असेल तर साडेपंधराच्या वर. एवढ्या फरकाने कण्यावरचं नाव सरळ मुखपृष्ठावर येतं. त्याच कागदाची कोरी डमी बांधून मागवा आणि पट्टीने मोजा.

मुखपृष्ठ पन्हाळीसारखं वर वळलंय? एकाच बाजूला लॅमिनेशन, म्हणजे प्लॅस्टिकची पातळ फिल्म, असलं की असं होतं: आतली उघडी बाजू दमट हवेत फुगते, फिल्म फुगत नाही. इथेही ग्रेन कण्याला समांतर असेल तर त्रास कमी. शाई पुरती सुकण्याआधी लॅमिनेशन केलं तर बुडबुडे धरतात. काळ्या मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, फिल्मवर ओरखडे आणि बोटांचे ठसे लगेच दिसतात, तिथे ओरखडे न पडणारी फिल्मच मागा. बारीक अक्षरांवर फॉइल (सोनेरी-चंदेरी चकाकता मुलामा) मारायचा मोह आवरा. अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, भरून जातात.

आर्टपेपरची (गुळगुळीत थर दिलेल्या कागदाची) पानं गळत असतील तर बाइंडरला दोष देण्याआधी गोंद कोणता ते बघा. गुळगुळीत थरावर साधा हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावायचा गोंद, नीट धरत नाही. पीयूआर (पॉलियुरेथेनचा गोंद) धरतो, पण त्याला पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात. प्रकाशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं असेल, तर तो गोंद मागू नका.