टीडीएस ३८०, तरी बोअरचं पाणी पिण्यालायक नव्हतं

आमच्या इमारतीच्या बोअरचं पाणी काचेसारखं नितळ. टीडीएस मीटरवर आकडा ३८०. त्यावर विसंबून आम्ही ते पीत होतो, आणि घरात कुणा ना कुणाचं पोट सतत बिघडलेलं. टीडीएस म्हणजे फक्त विरघळलेले क्षार. जंतू त्यात दिसतच नाहीत.

शेवटी प्रयोगशाळेत नमुना दिला. नळाचं तोंड ज्योतीवर तापवलं, थोडा वेळ पाणी वाहू दिलं, निर्जंतुक बाटली वर जरा जागा सोडून भरली आणि बर्फात ठेवून त्याच सकाळी पोचवली. अहवालात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू सापडले, नायट्रेट लिटरला ७२ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५०, आणि ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. दोन्ही एकत्र, म्हणजे संशय सांडपाण्यावरच.

बोअरभोवतीची माती उकरली. केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या आतला अस्तराचा पाइप, जमिनीलगत तडकलेला, बाजूला काळी, वास मारणारी ओल. चार पावलांवरचा ड्रेनेजचा चेंबर गळत होता. चेंबर दुरुस्त केला, तडकलेला भाग कापून नवा पाइप जमिनीच्या दीड फूट वर आणला, भोवती उतरता सिमेंटचा ओटा केला. मग क्लोरिनचं द्रावण सोडून रात्रभर ठेवलं आणि पाणी उपसून टाकलं. क्लोरिनचा वास पूर्ण गेल्यावर पुन्हा नमुना दिला: ई. कोलाय शून्य!

नायट्रेट मात्र ६८. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं, आणि बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा मोठा धोका. म्हणून पिण्यापुरता आरओ बसवला. त्यातून आलेल्या पाण्याचंही नायट्रेट तपासून घेतलं: ९.