फिरायला गेल्यावर बेकरी कशी शोधायची आणि मुख्य म्हणजे किती वाजता जायचं

आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात सकाळी सायकलवर पाववाला येतो, त्याची वेळ चुकली की दिवसभर पाव मिळतो पण गरम पाव मिळत नाही, एवढी साधी गोष्ट घरी सगळ्यांना माहीत असते आणि बाहेरगावी गेलो की नेमकी तीच आपण विसरतो. मग कुठल्यातरी फेमस बेकरीत दुपारी अडीचला पोचायचं, काचेमागे उरलेले चार पॅटीस गरम करून घ्यायचे आणि फॅमिली ग्रुपवर लिहायचं की एवढं काही खास नाही. अहो खास होतं, पण सकाळी सात वाजता होतं.

माझं लग्न झाल्यापासून हेच चाललंय, जाऊ तिथली बेकरी आणि सकाळचं खाणं शोधायचं. नवरा झोपाळू, सासूबाई अंडं खात नाहीत, मुलाला क्रीम रोल सोडून काही दिसत नाही, म्हणजे टीम काही फार भारी नाहीये. तरी जमतं. कसं ते सांगते.

पहिलं म्हणजे फोन करायचा. आदल्या दिवशी, दुपारच्या निवांत वेळेला. आणि "किती वाजता उघडता" हे विचारायचं नाही, कारण शटर वर जायची वेळ आणि ट्रे बाहेर यायची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारायचं असं की "गरम माल किती वाजता निघतो, आणि पहिलं काय संपतं?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सोनं. जे पहिलं संपतं ते गावातले लोक नेतात, आपणही तेच घ्यायचं. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं बहुतेक वेळा पर्यटकांसाठी असतं.

मॅपवर शोधताना मी स्टार बघतच नाही. रिव्ह्यू नवे आधी असे लावते, आणि तो गर्दीचा निळा आलेख असतो ना तासातासाचा, तो बघते. सकाळी सात-आठला उंच खांब दिसला की ती जागा गावची. साडेअकरानंतरच गर्दी दिसली तर ती रीलवाल्यांची. अपवाद असतात, पण मला तरी हे बऱ्यापैकी लागू पडलंय.

पुण्यापासून सुरुवात करा, जवळ आहे आणि चुका स्वस्तात होतात. ठाण्याहून सकाळी इंद्रायणी पकडली तर नऊच्या आसपास पुण्यात. कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ची, श्रूजबेरी बिस्किटं आणि मावा केक यासाठी रांग लागते, आणि दुपारी ती बंद असते हे डोक्यात कोरून ठेवा. म्हणजे स्टेशनवरून आधी कॅम्प, बाकीची कामं नंतर. बिस्किटं पिशवीत पडली की मग डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का आणि चहा, ते १९३५पासून आहे आणि तिथे निवांत बसता येतं. (मुंबईत धोबीतलावला क्यानी आहे ती वेगळी बरं का, ती १९०४ची इराणी. माझ्या नणंदेने एकदा पुण्याचा पत्ता मागितला आणि धोबीतलावला जाऊन उभी राहिली. तिथे मावा केक खाऊन आली, त्यामुळे भांडण झालं नाही.) खरं तर ज्यांना लांब जायचं नाही त्यांनी आधी हीच प्रॅक्टिस करावी, सकाळी लोकलने सीएसएमटीला उतरायचं, चालत धोबीतलाव, ब्रून मस्का चहात बुडवून खायचा आणि दहाच्या आत परत ठाण्याला.

ब्रून म्हणजे कडक पाव, वरून कुरकुरीत आणि आत मऊ. लाकडाच्या भट्टीतल्या ब्रूनची चव वेगळी असं जुने लोक सांगतात, पण मुंबईत ते आता मिळेलच असं नाही, जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धूर कोणाच्या तरी छातीत जातो हेही खरंय. तेव्हा धुरकट चवीच्या आशेने जाणार असाल तर आधी विचारून घ्या, उगाच जाऊन हिरमोड नको.

आता गोवा, कारण खरी मजा तिथे आहे. गोव्यात बेकरी शोधायची नाही, बेकरी तुमच्याकडे येते. पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, सायकलवर येतो, मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, हातात भोंगा, पोंक पोंक. सकाळी आणि मग संध्याकाळी पुन्हा. पण हे गावातल्या गल्लीत, बीचवरच्या रिसॉर्टच्या गेटबाहेर नाही, त्यामुळे राहायची जागा घेताना मी मालकीणबाईंना पहिला प्रश्न हाच विचारते की पोदेर किती वाजता येतो हो तुमच्याकडे. उत्तर पटकन आलं तर रूम बुक. आणि सुट्टे पैसे उशाशी ठेवून झोपायचं, भोंगा ऐकून पर्स शोधेपर्यंत तो पुढच्या वाडीत गेलेला असतो. दोनदा अनवाणी पळालेय मी, शेजारच्या कुत्र्यासकट.

त्याच्या टोपलीत नुसता पाव मागू नका, प्रत्येकाला नाव आहे. पोई म्हणजे वरून कोंडा लावलेली, आतून पोकळ, खिशासारखी उघडणारी, तिच्यात लोणी नाहीतर रात्रीचं उरलेलं काहीही भरा. उंडो गोल आणि कडक कवचाचा. कातऱ्यांचा पाव फुलपाखरासारखा दिसतो. काकण म्हणजे बांगडीसारखं कडक, ते चहात बुडवायचंच, नाहीतर दात जातील. पूर्वी यीस्टऐवजी माडाची सूर म्हणजे माडी घालून पीठ फुगवायचे, आता ते क्वचितच. आणि आपण ज्याला रोज पाव म्हणतो तो शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आलाय, त्यामुळे गोव्यात पाव खाणं म्हणजे एका अर्थी माहेरी जाणं.

पोई खाऊन झाली की दहाच्या सुमारास पणजीत. कॅफे भोसले किंवा कॅफे टाटो, भाजी-पाव, पातळ भाजी आणि सुकी भाजी मिक्स करून मागा, सोबत मिरची भजी. आणि बन. हा बेकरीतला बन नाही, केळं घातलेली गोडसर फुगलेली पुरी असते, तिखट भाजीबरोबर भन्नाट लागते. हेच आमचं ब्रंच. ब्रंच म्हणजे काही एवोकाडो टोस्ट पाहिजे असं नाही, सातला बेकरी आणि साडेदहाला बसून खाणं, मग दुपारचं जेवण थेट कट, संध्याकाळी लवकर जेवायचं. दोन राउंडमध्ये खाल्लं की पोटही ओरडत नाही आणि चार जणांत एक-एक प्लेट वाटून घेतली की सगळं चाखून होतं.

यात एक शत्रू आहे, तो म्हणजे हॉटेलचा फ्री ब्रेकफास्ट. "पैसे भरलेत ना" हे वाक्य आमच्याकडे दर ट्रिपला होतं. मी आता रूम बुक करतानाच विदाऊट ब्रेकफास्ट घेते, फरकाच्या पैशात चौघांचा नाश्ता होतो. नाहीतर तोच कोरडा उपमा, तोच टोस्टर, आणि ती कॉर्नफ्लेक्सची बरणी, जी ठाण्यातही आहे हो घरी.

दुसरा शत्रू रील. गोव्यातच एका कॅफेत, नाव घेत नाही, क्रोसॉंसाठी पाऊण तास उभे राहिलो आणि आला तो मधोमध थंड, फ्रीजरमधून काढून गरम केलेला. ताजा क्रोसॉं ओळखायचा तर हातात घेऊन बघा, हलका लागतो, दाबला की कुरकुर वाजतो आणि पापुद्रे अंगावर पडतात. खारीचंही तसंच. खारी ताजी असेल तर तुकडे नीट होतच नाहीत, चुरा होतो. लवचिक खारी म्हणजे कालची, किंवा पावसाळ्यातली.

सगळीकडे सकाळच असते असंही नाही. बंगळुरूला फ्रेझर टाऊनमध्ये अल्बर्ट बेकरी आहे, १९०२ची, ती दुपारनंतरच उघडते, तिथे पहाटे जाऊन काय करणार. उलट कोलकात्यात टिरेटा बाजारचा चायनीज नाश्ता पहाटे सुरू होतो आणि आठ-साडेआठला गुंडाळतात, हॉटेलच्या बुफेला चिकटून राहिलात तर संपलंच. काश्मीरमध्ये तर पाव घड्याळाप्रमाणे बदलतो, कांदुरकडे, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडे, सकाळी गिर्दा मिळतो आणि दुपारच्या नून चहाबरोबर, म्हणजे मिठाच्या चहाबरोबर, त्सोचवोर, तीळ लावलेला. हैदराबादला चारमिनारच्या शेजारी निमराह कॅफे, पहाटेच जा, रस्ता मोकळा असतो आणि उस्मानिया बिस्किटांचे ट्रे समोरून जात असतात, थोडी गोड थोडी खारट, इराणी चहात दोन सेकंद, तिसऱ्या सेकंदाला ती कपात बुडालेली असतात.

बंगळुरूच्या अय्यंगार बेकऱ्यांबद्दल एवढंच की कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, खारा बन आणि खोबऱ्याचं गोड सारण भरलेलं दिलपसंद घ्या आणि उभ्यानेच खा. कोल्हापूरला मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो, तक्रार करू नका, रश्श्यात तोच चांगला लागतो. (मामलेदारची मिसळ खाऊन वाढलेल्या ठाणेकराने तिखटाबद्दलही तक्रार करू नये.) सुरतेला पहाटेचा लोचो, म्हणजे डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ, आणि नानखटाई, दोटीवाला बेकरी १८६१पासून चालू आहे, तिथली सुरती बटर बिस्किटं महिनाभर चहाला पुरतात.

अंड्याचं बोलायचं राहिलं. "व्हेज आहे ना" असं विचारलं तर काही ठिकाणी केकलाही हो म्हणतात, कारण मटण नाही ना त्यात! त्यामुळे सरळ "अंडं आहे का" असंच विचारा, आणि पॅटीसवर काय ब्रश केलंय तेही विचारा, वरची ती चकाकी कधी कधी अंड्याची असते. सासूबाईंसाठी मी नानखटाई आणि खारी यावर भर देते, तरी विचारतेच. मावा केकमध्ये अंडं असतं हे धरूनच चाला. बेबिंका, म्हणजे गोव्याचा थराथरांचा केक, त्यात तर अंड्याचं पिवळं आणि नारळाचं दूध, एकेक थर वेगळा भाजतात, त्यामुळे स्वस्त बेबिंका दिसली तर मी तरी घेत नाही.

शेवटी पॅकिंग, इथे सगळे फसतात. गरम वस्तू प्लास्टिकमध्ये बांधून घेऊ नका, वाफ धरते आणि घरी पोचेपर्यंत लगदा. कागदी पुडीत घ्या, पूर्ण गार झाल्यावर डब्यात. मी एक रिकामा स्टीलचा डबा जातानाच नेते, नवरा हसतो, येताना मावा केक त्यातूनच खातो. मावा केक दोन-तीन दिवसांत संपवा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. नानखटाई, श्रूजबेरी, बटर, काकण हे आरामात टिकतं. क्रीम रोल आणि पेस्ट्री आणायच्या भानगडीत पडू नका, कोकणकन्येत रात्रभर त्याचं काय होतं ते मुलाने रडून दाखवलंय.

पोई मात्र आणा. निघायच्या आदल्या संध्याकाळी घ्या, सुती फडक्यात गुंडाळा, ठाण्याला आल्यावर हाताला पाणी लावून दोन्ही बाजूंनी पुसा आणि तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर मिनिटभर, पुन्हा फुगते. खारीचा चुरा झालाच असेल तर कपात टाका, वरून चहा ओता आणि चमच्याने खा.