शटर जड झालंय? स्प्रिंग बदलायची वेळ कशी ओळखायची

दुकानाचं शटर एका दिवसात जड होत नाही. रोज थोडं थोडं होतं आणि आपण रोज थोडा जास्त जोर लावतो, त्यामुळे लक्षात येतच नाही. कामावर नवीन आलेला मुलगा ‘शेठ, हे फारच जड आहे’ म्हणतो तेव्हा कुठे विषय निघतो. तोपर्यंत स्प्रिंग बहुतेक वेळा थकलेली असते. तुटायच्या आधी हे ओळखता येतं, आणि त्यासाठी मिस्त्री लागत नाही. स्प्रिंग बदलायला मात्र मिस्त्रीच लागतो.

आधी वजन समजून घ्या. अठरा गेज जाडीच्या पत्र्याचं 8 बाय 8 फुटी शटर साधारण 70 ते 80 किलो भरतं. एवढं वजन एक माणूस रोज उचलू शकत नाही. वरच्या कव्हरच्या आत आडवा पाइप असतो आणि त्यावर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. काही शटरमध्ये त्या घड्याळातल्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या चपट्या पट्टीच्या असतात, काहींत लांब तारेच्या. शटर खाली ओढलं की त्यांना पीळ बसतो, वर ढकललं की तोच पीळ वजन उचलायला मदत करतो. म्हणजे शटर बंद असतं तेव्हा स्प्रिंगवर सर्वांत जास्त ताण असतो. दुकान रात्रभर बंद, म्हणजे ताणही रात्रभर. दुपारी दोन-तीन तास दुकान बंद ठेवायची पद्धत असेल, तर रोजच्या चढ-उतारांची संख्या थेट दुप्पट होते आणि स्प्रिंगही त्याच हिशेबाने लवकर थकते.

दोष स्प्रिंगचा की चॅनलचा?

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. शटर जड लागलं की स्प्रिंग गेली असं धरून चालतात. फरक ओळखायची खूण सोपी आहे. शटर वर नेताना आणि खाली आणतानाही जड लागत असेल, तर ते कुठेतरी घासतंय. शटर ज्या उभ्या खाचांतून वर-खाली सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या गाइड चॅनलमध्ये चिखल किंवा गंज असेल, गाडीचा धक्का लागून चॅनल दबलं असेल, नाहीतर शटरच्या आडव्या पट्ट्या एका बाजूला सरकल्या असतील. पट्ट्यांच्या टोकांना लावलेले अडकवे तुटले की पट्टी सरकून चॅनलला घासते. पण शटर वर जाताना जड आणि खाली येताना भरकन येत असेल, हाताने आवरावं लागत असेल, तर दोष स्प्रिंगचा आहे. पीळ कमी पडल्याने वजन पेललं जात नाही.

म्हणून आधी चॅनल साफ करा. तारेच्या ब्रशने गंज काढा, कोरड्या फडक्याने पुसा, मेणबत्तीचं मेण घासा. चॅनलमध्ये ग्रीस भरू नका. रस्त्याची धूळ त्याला चिकटते आणि महिन्याभरात घट्ट लगदा होतो. एवढं करूनही खाली येताना शटर धावत असेल, तर पुढची चाचणी घ्या.

अर्ध्यावरची चाचणी

यासाठी दोन माणसं लागतात. शटरच्या खाली दोन्ही टोकांना गुडघ्याएवढे मजबूत लाकडी ठोकळे किंवा भक्कम स्टुलं ठेवा, म्हणजे शटर सुटलंच तर तिथे अडेल. पायाची बोटं आत जाऊ देऊ नका.

शटर कंबरेएवढं उचला आणि हात हळूहळू सैल करा, पण पूर्ण काढू नका. नीट तोललेलं शटर तिथेच थांबतं, फार तर दोन-चार इंच हलतं. सावकाश खाली येत असेल तर पीळ कमी झालाय. हात सैल करताच खाली झेपावत असेल तर एखादी स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचा आकडा, म्हणजे अडकवायचं वाकडं टोक, सुटला आहे. अशा वेळी चाचणी तिथेच थांबवा. उलट शटर आपणहून वर धावत असेल, तर कुणीतरी पीळ जास्त दिलाय. तेही धोक्याचंच, कारण वर जाऊन आदळताना खालची पट्टी चॅनलबाहेर उडी मारते, विशेषतः खालच्या अँगलचे, म्हणजे शटरच्या तळाच्या लोखंडी पट्टीचे, अडथळे निघालेले असतील तर.

शटर किती जड आहे ते किलोत हवं असेल तर सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या. खालच्या अँगलच्या मधोमध दोरी बांधा, काटा अडकवा आणि जमिनीपासून गुडघ्यापर्यंत शटर सावकाश ओढून काटा किती दाखवतो ते बघा. 8 बाय 8 फुटी शटरला 10 ते 15 किलो दिसणं आमच्या मते ठीक आहे. 25 च्या पुढे गेलं की स्प्रिंग तपासायलाच हवी. आलेला आकडा तारखेसह शटरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. एकाच दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक जास्त सांगतो.

आवाज आणि गंज

पट्ट्यांची कोरडी करकर स्प्रिंगची नसते. वरच्या कव्हरमधून येणारा ‘ठक’ असा आवाज, दर फेऱ्याला त्याच जागी, हा मात्र स्प्रिंगचा आकडा किंवा पाइपचा ब्रॅकेट सैल झाल्याचा. रात्री बंद दुकानातून एकदाच मोठा ‘टण्ण’ आवाज आला आणि सकाळी शटर हलेना, तर स्प्रिंग तुटलेली आहे. ताण सर्वांत जास्त असतो तेव्हाच ती तुटते, म्हणून हे बंद शटरमध्येच जास्त घडतं.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कव्हर उघडून टॉर्चने बघा. फक्त बघा, हात आत घालू नका. नुसता लालसर थर चालतो. पोलादावर खड्डे पडलेले दिसले तर ती स्प्रिंग बदलायचीच, कारण तडा त्या खड्ड्यातूनच सुरू होतो. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी अशा ठिकाणी खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे हे खड्डे लवकर पडतात. तारेच्या स्प्रिंगमध्ये दोन वेढ्यांत एकाच ठिकाणी मोठी फट दिसली, तर ती तुटलेली आहे.

पीळ वाढवायचा की नवीन घालायची?

मिस्त्री येतो, एखादा फेरा पीळ वाढवतो, शटर हलकं होतं. हे काम योग्यच आहे, पण एकदा. त्यानंतर वर्ष-दोन वर्षं शटर हलकं राहिलं तर स्प्रिंग चांगली होती, नुसती सैल पडली होती. तीन-चार महिन्यांत पुन्हा जड झालं, तर पोलादाची ताकद संपली आहे. आता पीळ वाढवत राहणं म्हणजे थकलेल्या स्प्रिंगवर आणखी ताण देणं, ती तुटेपर्यंत. दुसऱ्यांदा बोलवायची वेळ आली की सरळ बदला.

आणि बदलताना सगळ्या स्प्रिंगा एकत्र बदला. तीनपैकी एक तुटली, तर उरलेल्या दोघी त्याच दिवशी बसवलेल्या, तितक्याच वेळा फिरलेल्या असतात. शिवाय नवीन-जुन्यांची ताकद सारखी नसते, त्यामुळे शटर तिरकं चढतं आणि एका बाजूची चॅनल खाऊन टाकतं.

हे काम स्वतः करू नका. शटर पूर्ण वर असतानाही स्प्रिंगमध्ये आधी दिलेला पीळ शिल्लक असतो. तो सोडताना पाइप हातातून निसटला की त्यात अडकवलेली सळई गरकन फिरते, आणि त्यात मनगटं मोडतात. पीळ न सोडता ग्राइंडरने स्प्रिंग कापायला निघालेला मिस्त्री दिसला तर त्याला थांबवा.

तुटलीच तर

शटर वर असताना तुटली, तर ते खाली ओढायचं नाही. संपूर्ण वजन आता तुमच्या हातावर येणार आहे. दोन्ही बाजूंना अँगलखाली उभे वासे किंवा लोखंडी टेकू द्या, गिऱ्हाइकांना दुसरीकडून आत घ्या, मिस्त्री येईपर्यंत शटरखाली कुणालाही उभं राहू देऊ नका. शटर बंद असताना तुटली आणि दुसरं दार नसेल, तर तीन-चार जणांनी एकाच वेळी, दोन्ही टोकं सारखी ठेवून उचलायचं आणि दर फुटाला ठोकळे सरकवत जायचं. नुसत्या काठीच्या टेकूवर कुणीही आत जाऊ नये.

मोटरच्या शटरमध्ये ही लक्षणं दडून राहतात. मोटर मधल्या पाइपवर बसवलेली असेल तर ती स्प्रिंगांच्या मदतीवर चालते. स्प्रिंग थकली की मोटर तापते आणि दोन-तीनदा वर-खाली केल्यावर आपोआप बंद पडते. मोटर बदलायच्या आधी हाताने सोडायची दोरी ओढून अर्ध्यावरची चाचणी घ्या. बाजूला बसवलेल्या साखळीच्या मोटरला बहुधा स्प्रिंग नसतेच.

मिस्त्रीला फोन करताना शटरची रुंदी, उंची, पत्र्याचं गेज, स्प्रिंगांची संख्या आणि पाइपचा व्यास सांगा, कव्हरच्या आतला फोटो पाठवा. काम झाल्यावर जुन्या स्प्रिंगा समोर मोजून घ्या. भिंतीतल्या ब्रॅकेटचे बोल्ट आवळलेत का, स्प्रिंगवर ग्रीस लावलंय का ते बघा आणि अर्ध्यावरची चाचणी त्याच्यासमोर घ्या. नवीन स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडी सैल पडते, म्हणून पंधरा दिवसांनी पीळ थोडा वाढवायला यायचं हे पैसे देण्याआधीच ठरवून घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या.